टेबलचं बिल कोण देणार, तिथूनच जुगार सुरू होतो

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर अधूनमधून एक बातमी असतेच, तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा, अमुक जण ताब्यात, रोकड, मोबाईल, मोटरसायकली असा मुद्देमाल जप्त. आमच्या घरात ती वाचली की सगळे म्हणणार, बरं झालं धरलं ते. आणि त्याच घरातला पोरगा रात्री साडेदहाला पूल, म्हणजे काठीनं टेबलावरचे बॉल पॉकेटात मारायचा खेळ, खेळून आला आणि खिशातनं जिंकलेले सातशे रुपये काढून टेबलावर ठेवले की त्याला विचारणार, काय भावा, पार्टी का आज? हे मी शेजारच्यांचं सांगत नाही, आमच्या घरचं सांगतोय आणि पार्टी का असं विचारणारा मीच होतो. म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख सांगतो म्हणजे मी हे कुठनं बोलतोय ते कळेल. उद्यमनगरात माझं टर्निंगचं छोटं शेड आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. पण नव्वदच्या दशकात कॉलेज करत करत मी एका क्लबात संध्याकाळी मार्कर म्हणून काम करायचो. आजच्या पोरांना मार्कर म्हणजे काय माहीत नसेल, बिलियर्ड्स स्नूकर या पुलाच्याच भाऊबंद खेळांच्या टेबलाजवळ उभं राहून गुण मांडायचे, बॉल जागेवर लावायचे, खेळ संपला की टेबलाचं हिरवं कापड ब्रशनं एकाच दिशेनं झाडायचं, ते काम. तिथं बरेच जण फ्रेमवर, म्हणजे एकेका डावावर, पैसे लावून खेळायचे, पन्नास, शंभर, एखाद्या दिवशी पाचशे. जिंकणारा जाताना माझ्या हातावर वीस रुपये टेकवायचा. मला त्यात काही वाईट दिसलं नाही, उलट वाटायचं की हे चांगले कपडे घालणारे, इंग्रजी बोलणारे लोक, हे काय जुगारी थोडेच आहेत. जुगारी म्हणजे टपरीच्या मागं बसून आकडा लावणारा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि बहुतेकांच्या डोक्यात आजही तसंच बसलंय.

माझा पुतण्या बावीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला, हातात सोळा हजार पगार. पोरगं सालस. खेळ चांगला, हात स्थिर, नजर चांगली, हे मी जुना मार्कर म्हणून सांगतो. सुरुवात कशी झाली तर जशी सगळ्यांची होते तशीच, हरेल त्यानं टेबलचं द्यायचं. आमच्या इकडं टेबलला तासाला दीडशे दोनशे घेतात, चार मित्र गेले की शेवटी हरलेला बिल देतो, यात कुणालाच जुगार दिसत नाही. मग टेबल अधिक चहा, मग टेबल अधिक मिसळ, मग एक दिवस कुणीतरी म्हणतं पैसे नसले की खेळायला मजा येत नाही राव, शंभर लावू. शंभराचे दोनशे व्हायला आठवडा लागतो आणि दोनशेचे पाचशे व्हायला एकच हरलेली रात्र पुरते, कारण हरलेले पैसे एका फ्रेममध्ये परत आणायचे असतात.

मग तिथं एक तिशीतला माणूस यायला लागला. शांत, गोड बोलणारा, सगळ्यांना चहा पाजणारा. पहिले तीन दिवस तो माझ्या पुतण्याकडनं हरला, पोराने अठराशे रुपये जिंकले, घरी आल्यावर आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, साडी घेतो म्हणाला, आम्ही सगळे खूश. चौथ्या दिवशी तो माणूस म्हणाला, तू माझ्यापेक्षा भारी आहेस पण मी मोठा आहे, मीच तुला एका बॉलची सूट देतो, फ्रेम हजाराची करू. त्या महिन्यात काय काय झालं ते मला नंतर तुकड्या तुकड्यानं कळलं.

एका रात्री वहिनींचा फोन आला, भावोजी हा अजून आला नाही, फोन उचलत नाही, जरा बघून येता का. मी गेलो. आत गर्दी, धूर, आणि टेबलाभोवती सगळे गप्प, पैशाचा खेळ चालू असला की लोक गप्प होतात ते मला ओळखीचं होतं. मी मागं भिंतीला टेकून उभा राहिलो आणि दहा मिनिटात मला जे दिसलं ते पुतण्याला महिनाभरात दिसलं नव्हतं. तो माणूस शॉट चुकवत होता, बॉल पॉकेटच्या कडेला लागून बाहेर यायचा, बघणारे अरेरे म्हणायचे. पण प्रत्येक चुकलेल्या शॉटनंतर काठी ज्याला मारतात तो पांढरा बॉल जाऊन कुठं थांबतोय ते मी बघत होतो, कारण मार्करची सवय तीच, खेळणारा पॉकेट बघतो, मार्कर पांढरा बघतो. दरवेळी पांढरा एकतर कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटलेला नाहीतर दुसऱ्या बॉलच्या आड लपलेला. नवखा माणूस चुकतो तेव्हा पांढरा कुठंही भटकतो साहेब, चुकूनसुद्धा पाच वेळा पाठोपाठ असा नेमका जागेवर जात नाही. तो माणूस चुकत नव्हता, चुकल्यासारखं दाखवत होता. आणि आमचं पोरगं प्रत्येक वेळी अवघड शॉटला वाकायचं, बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबायचा, इतका काठावर की फुंकर मारली तर पडेल, आणि ते कपाळाला हात लावून म्हणायचं एवढ्यानं गेला, एवढ्यानं गेला. त्या एवढ्यानं मध्येच त्याचे पैसे गेले.

बाहेर आलो तेव्हा त्याच्याकडं गाडीची चावी नव्हती. चावी आणि आरसी बुक एका तिसऱ्याच माणसाकडं होतं, त्यानं चाळीस हजार दिले होते महिना दहा टक्क्यानं. आणि वहिनींच्या भिशीचे तीस हजार, दहा बायका, महिन्याला तीन तीन हजार, त्यांचा नंबर लागला होता, ते कपाटातल्या डब्यात होते, तेही गेले होते. ते पैसे धाकट्या पुतणीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले. वहिनी त्या रात्री ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत, फक्त मला म्हणाल्या, भावोजी, तो जिंकून यायचा तेव्हा आपण कुणी विचारलं नाही ओ त्याला, पैसे कुणाचे म्हणून. ते वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही.

आता मला जे म्हणायचंय ते असं. आपण समाज म्हणून मटका, तीन पानी याला जुगार म्हणतो आणि पूल, कॅरम, क्रिकेट, रमी यावर पैसे लावले की म्हणतो तो कौशल्याचा खेळ आहे, डोकं लागतं, हात लागतो. माझं म्हणणं आहे की पैसा लागला की कौशल्याचा खेळ हा जास्त धोक्याचा, कमी नाही. कसं ते बघा. मटक्याचा हिशोब उघडा आहे, शून्य ते नऊ असे दहा आकडे, लागला तर नऊ पट, जोडीला, म्हणजे दोन आकडी नंबरला, शंभरात एक चान्स आणि मिळणार नव्वद पट. म्हणजे शंभराला दहा रुपये दुकानदाराचे, रोज लावत राहिलात तर तुम्ही जाणारच, चौथी पास माणूससुद्धा हे गणित करू शकतो. हरला तर म्हणतो नशीब खोटं. पण पुलात हरलेला पोरगा नशिबाला दोष देत नाही, तो म्हणतो माझं मनगट हललं, उद्या सराव करतो, उद्या मारतो. त्याला हरणं हे आपली सुधारता येणारी चूक वाटते आणि खेळात ती सुधारतेही, म्हणून तर तो खेळ आहे. पैसा नसेल तेव्हा याच हट्टानं खेळाडू तयार होतो. पैसा असेल तेव्हा हाच हट्ट त्याला सावकाराच्या दारात नेतो. आणि दोघं खरंच बरोबरीचे असतील तर वर्षाच्या शेवटी कुणाकडं काही उरत नाही, टेबलचं भाडं तेवढं जातं, त्यामुळं पैसे लावायला जो आपणहून पुढं येतो त्याला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं की समोरचा कच्चा आहे.

कायद्याचं थोडं सांगतो, मी वकील नाही पण या प्रकरणात बरंच वाचावं लागलं, ओळखीच्या वकिलांना विचारावं लागलं. आपल्याकडं जुगार प्रतिबंधक कायदा आहे तो १८८७ चा, इंग्रजांच्या काळातला, आणि त्याचं कलम १३ म्हणतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला. पूल पार्लरवाला हेच सांगतो, आमचा खेळ कौशल्याचा आहे साहेब. पण त्याच १९६७ च्या निकालात असंही म्हटलंय की पैसे लावून चाललेल्या डावातनं जागेचा मालक स्वतः नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. ज्याला जुनी माणसं नाल काढणं म्हणायची तेच हे. हे किती पार्लरवाल्यांना माहीत आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि त्यात पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं की पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. मला हे पटलं, खेळणारा पोरगा हा फसलेला असतो. पण हा कायदा मोबाईलवरच्या खेळापुरता. आपल्या गल्लीतल्या टेबलावर, कॅरम बोर्डावर, मॅच बघताना मित्रामित्रांत लागणाऱ्या पैजेवर त्याचा काही उपयोग नाही. तिथं घरच्यांनी आणि गल्लीनं काय मानायचं तेच चालणार.

आणि आपण काय मानतो, तर हरलेला पैसा मर्दानं द्यायचा. शब्द म्हणजे शब्द. ही आपल्या कोल्हापूरची चांगली गोष्ट आहे, शब्दाला जागणं, पण नेमका तिचाच वापर करून पोरांना पिळतात. माझा पुतण्या गाडीचा हप्ता थकवत होता, घरात पैसे देणं बंद केलं होतं, पण पुलातली उधारी त्या रात्रीच्या रात्री द्यायचा, कारण उद्या टेबलावर तोंड दाखवायचं होतं. अशा पोरांच्या आईबापांसाठी लिहितो, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, त्याच्या वसुलीसाठी कोर्टात दावा चालत नाही. आणि विनापरवाना महिना दहा टक्क्यानं पैसे देऊन गाडी अडकवून ठेवणं हा २०१४ च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. आम्ही तक्रारीचा अर्ज लिहून तयार केला, त्याची एक प्रत त्या सावकाराला दाखवली, मुद्दल देऊन गाडी सोडवली. मुद्दल घरानंच भरलं, त्यातले पंधरा हजार मी दिले, ते उपकार म्हणून नाही, पार्टी का असं विचारल्याबद्दलचे.

काही लोक म्हणतील तू पुलावर उगाच घसरतोस. मी नाही घसरत. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर खेळ आहे. स्नूकर हा तर आपल्या भारतात, जबलपूरला, १८७५ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मलेला खेळ. आणि भारताचा कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता कोण, तर पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८ ला बिलियर्ड्समध्ये. किती लोकांना माहीत आहे हे? अशा खेळाला आपण जुगाराच्या हवाली केलं याचं मला दुःख आहे. आईबाप पोराला सांगतात पूल पार्लरकडं फिरकू नकोस, ती जागा चांगली नाही, आणि त्यांचं चुकत नाही, पण जागा खेळानं खराब केली नाही, लावलेल्या पैशानं केली.

दुसरे म्हणतात, मग कुस्तीत पैसे नसतात का? असतात की. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान उभं केलं, तिथं लाखालाखाच्या कुस्त्या बघतच आपण मोठे झालो. पण ते इनाम असतं. इनाम देणारा बाहेरचा, पैलवानाच्या खिशातनं काही जात नाही, हरला तरी मानधन घेऊन, टाळ्या घेऊन घरी जातो, त्याच्या आईच्या डब्यातली भिशी जात नाही. लाव वेगळी. लाव म्हणजे तुझ्या खिशातलं माझ्या खिशात. इनामाच्या कुस्तीत दोघांनाही चांगलं खेळायला परवडतं, लावेच्या खेळात चांगला खेळाडू आपला खेळ लपवतो, जसा तो माणूस लपवत होता. खेळाडूनं वाईट खेळून दाखवायचं यापेक्षा खेळाचा मोठा अपमान मला तरी माहीत नाही.

आणि या गावानं खेळासाठी पैसा लावला नाही असं कोण म्हणेल. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यातनं आलं. गहाण तेव्हाही पडलं आणि आमच्या पोराची गाडीही गहाणच पडली होती, त्या रात्री ते कळलं तेव्हा हेच डोक्यात येत होतं.

लॉटरी, गोव्याचं कॅसिनो, दिवाळी पाडव्याला घरात बसून चालणारे पत्ते, हे सगळं आहेच, त्यावर वेगळं पत्र होईल. चहाच्या पैजेला मी जुगार म्हणत नाही, एवढा कडक मी नाही. पण टेबलचं बिल हरणाऱ्यानं द्यायचं ही रीत मला बंद व्हायला हवीय. निम्मं निम्मं द्या. किती साधी गोष्ट आहे, पण ती केली की हरल्यावर पुढचा डाव लावायचं कारणच राहत नाही. पार्लरवाल्यांना हात जोडून विनंती आहे की काउंटरला तशी पाटी लावा, बिल खेळणाऱ्यांत सारखं वाटून घेतलं जाईल म्हणून. तुमचं भाडं तेवढंच मिळणार आहे, एक रुपयानं कमी नाही. आणि घरच्यांनी पोरगा पैसे घेऊन आला तरी विचारायचं, हरून आला की सगळेच विचारतात.

ज्यांच्या घरात गाडी पुढं गेलीय त्यांच्यासाठी, ही सवय सुटत नाही ती फक्त पोरगं वाया गेलंय म्हणून नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलंय. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, आणि सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. आमचा पुतण्या पहिल्यांदा म्हणाला मी काय वेडा आहे का. मी त्याला म्हटलं, बाळा, लेथचं बेअरिंग आवाज करायला लागलं की आपण मशीन भंगारात घालतो का, उघडून बघतो. गेला. चार वेळा गेला. आता चार महिने झाले, पैसे लावून खेळलेला नाही असं तो सांगतो आणि मी विश्वास ठेवतो.

शेवटी तालमी, मंडळं आणि क्रीडा पानाचं काम बघणारे तुमचे लोक, सगळ्यांना एक विचारायचंय. फुटबॉलला शाहू स्टेडियम भरतंय, कुस्तीला मैदान भरतंय, मग पूल खेळणाऱ्या पोरांसाठी वर्षातनं एक खुली स्पर्धा आपण का घेऊ शकत नाही, प्रवेश फी शून्य, इनाम बाहेरच्या देणगीदारांचं, निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात नावासकट. कुणी पुढाकार घेत असेल तर तुमच्या ऑफिसात निरोप ठेवा, मी येऊन भेटतो. पहिल्या वर्षीचे पाच हजार माझे. आणि विजेत्यासाठी पितळेची छोटी गदा मी माझ्या लेथवर स्वतः टर्न करून देतो, गोल नेमका पुलाच्या बॉलच्या मापाचा, सत्तावन्न मिलिमीटर. मटेरियल आणून ठेवलंय. दांड्याचं काम पुतण्यानं घेतलंय.

आपला,
एक वाचक आणि जुना मार्कर,
उद्यमनगर, कोल्हापूर